आई, घाट आणि कॅम्पर व्हॅन

आमच्याकडे कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी आहे म्हटलं की लोक आधी मायलेज विचारतात, मग एसी आहे का विचारतात, मग आत शिरून बेडवर बसून बघतात. बायका मात्र थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, आत संडास आहे का गं? आणि आहे म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला अगदी आतून कळतं, कारण मी ही गाडी त्याच एका गोष्टीसाठी घेतली. सोलर, फ्रीज, छपरावरचा फॅन, बाहेर ओढायची ताडपत्री हे सगळं नंतरचं.

माझी आई सत्तरी ओलांडलेली आहे. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालीयेत, त्यामुळे उकिडवं बसणं कायमचं बंद, आणि बीपीसाठी रोज सकाळी लघवीची गोळी असते. आमचं कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. पुण्याहून निघालं की सातारा रोडने उंब्रज, तिथून आत वळून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गुहागर, म्हणजे थांबत थांबत सात-आठ तास सहज जातात. हायवे सोडला की या रस्त्यावर कमोड असलेलं, पाणी असलेलं, कडी लागणारं टॉयलेट मिळणं हा नशिबाचा भाग. मग आई काय करायची, तर आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करायची, निघायच्या दिवशी गोळीच घ्यायची नाही, वाटेत चहाला नको म्हणायची, आणि चिपळूण येईपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागलेलं असायचं, ओठ कोरडे पडलेले. विचारलं की म्हणायची, मला तहानच नाहीये.

हे एकट्या माझ्या आईचं नाही. माझ्या मावश्या, माझी सासू, शेजारच्या काकू, ऑफिसमधल्या चाळिशीच्या मैत्रिणीसुद्धा प्रवासात पाणी पीत नाहीत, आणि घरातल्या पुरुषांना वर्षानुवर्षं याचा पत्ताच नसतो, कारण त्यांना कुठेही गाडी बाजूला घेऊन उतरता येतं. उन्हाळ्यात, घामात, आठ तास पाणी न पिता बसणं म्हणजे काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच माहिती. पुढेपुढे आईने यायचंच सोडलं. तुम्ही जाऊन या, माझा नमस्कार सांगा, असं म्हणायला लागली. तिचं ते वाक्य मला फार लागायचं, कारण जायची इच्छा तिलाच आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त होती.

तर आता त्या टॉयलेटबद्दल नीट सांगते, कारण याबद्दल कुणी मोकळेपणाने लिहीत नाही आणि गाडी घेणाऱ्याला नेमकं हेच कळायला हवं असतं. आमच्याकडे कॅसेटवालं पोर्टेबल टॉयलेट आहे. वर सीट आणि फ्लशच्या पाण्याची छोटी टाकी, खाली वीस लिटरची मैल्याची टाकी, मधे सरकणारी झडप. झडप नीट बंद ठेवली तर वास येत नाही, खरंच येत नाही. अडचण उंचीची आहे. ही टॉयलेट्स आपल्या घरातल्या कमोडपेक्षा बुटकी असतात, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला बुटक्या सीटवरून उठणं हीच सगळ्यात मोठी परीक्षा. म्हणून त्याच्याखाली सहा इंचांचा ओटा करून घेतला, उजव्या हाताला भिंतीत स्टीलचा दांडा बसवला, आणि दार बाहेर उघडणारं न ठेवता सरकतं ठेवलं. दांडा नुसत्या प्लायवर बसवून चालत नाही, मागच्या लोखंडी फ्रेमला बोल्ट मारावा लागतो, नाहीतर माणसाचं सगळं वजन आलं की तो उपटून येतो.

तिघं असलो तर टाकी दोन दिवसांत भरते. भरलेली टाकी वीस-बावीस किलोची होते, ती उचलून न्यायची आणि रिकामी करायची. हे काम आमच्याकडे नवऱ्याने स्वतःहून घेतलंय आणि त्याबद्दल मला त्याचं मनापासून कौतुक आहे. रिकामी कुठे करायची, तर घरी परत आल्यावर किंवा जिथे मुक्काम आहे तिथल्या यजमानांना विचारून त्यांच्या संडासात. ओढ्यात नाही, शेताच्या कडेला नाही, रस्त्याच्या गटारात तर नाहीच नाही. आणि एक महत्त्वाचं, टाकीत टाकायचं जे निळं केमिकल मिळतं त्यातल्या काहींमध्ये फॉर्मल्डिहाइड असतं. ते सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणू मारतं. कोकणात बहुतेक घरांना सेप्टिक टँक नाहीतर शोषखड्डा असतो, तिथे आपण पाहुणे म्हणून जायचं आणि त्यांची टाकी बिघडवून यायचं हे बरं नाही. म्हणून आम्ही एन्झाइमवालं घेतो, ते जरा महाग पडतं आणि उन्हाळ्यात त्याचा डोस वाढवावा लागतो, तरी तेच.

गाडी आल्यावर पहिल्यांदा आईला घेऊन निघालो तेव्हा कोयनानगरच्या पुढे एका झाडाखाली थांबून मी चहा केला. आईने कप संपवला आणि म्हणाली, अजून अर्धा कप दे. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, कुणी काही बोललो नाही. प्रवासात आईने दुसऱ्यांदा चहा मागितलेला मी माझ्या मोठेपणी पहिल्यांदा ऐकला. सकाळी गोळीही घेतली होती.

त्यानंतर मला या गाडीकडे बघायची वेगळीच दृष्टी आली. लोकांना वाटतं कॅम्पर व्हॅन म्हणजे फिरायची गाडी. माझा अनुभव असा की पळण्याच्या बाबतीत ती साधारण आहे, थांबण्याच्या बाबतीत मात्र तिला तोड नाही. लाँग वीकेंडला खंबाटकी घाटात जी रांग लागते ती पुणेकरांना काय सांगायची. कारमध्ये त्या रांगेत तास-दीड तास बसणं म्हणजे पाय सुजणं, चिडचिड, पोरांचं रडणं. एकदा तशाच रांगेच्या आधी आम्ही ढाब्याच्या आवारात गाडी लावली, मालकाला सांगून, जेवण त्याच्याकडेच घेतलं, आई मागच्या बेडवर दोन तास झोपली, आम्ही पत्ते खेळलो, रांग ओसरल्यावर घाट चढलो. आपल्या माणसाचं पाठ टेकणं, औषध वेळेवर घेणं, तोंड धुऊन साडी नीट करून मग देवळात जाणं, या गोष्टी रस्त्यात करता येणं ही फार मोठी सोय आहे आणि ती कुठल्याही महागड्या एसयूव्हीत मिळत नाही. मी लहान असताना आमचं सगळं खानदान भाड्याच्या मॅटेडोरमधून गणपतीपुळ्याला जायचं, आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ती मॅटेडोर, मागे सतरंजी टाकून आजी आडवी व्हायची. तेव्हा कुणी त्याला कॅम्पर म्हणत नव्हतं पण आजीची सोय व्हायची खरी.

आता चालवण्याचं. गाडी मीच जास्त चालवते. उंच छपराची डिझेल व्हॅन आहे, आत प्लायचं फर्निचर, बॅटरी, गॅस, पाणी सगळं धरून वजन चांगलंच भरतं आणि मायलेज नऊ-दहाच्या पुढे जात नाही. लायसन्स साधं चारचाकीचंच चालतं, साडेसात हजार किलोच्या आतल्या गाड्या हलक्या वाहनात मोडतात. पण चालवणं कारसारखं नाही. वळणावर छप्पर झुकल्याचं जाणवतं, मागचं दिसत नाही म्हणून कॅमेरा लागतोच, आणि उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. कुंभार्ली मी दुसऱ्या गियरमध्ये उतरते, इंजिन गुरगुरतं, मागून हॉर्न येतात, येऊ देत. जागा मिळाली की बाजूला घेऊन मागच्यांना सोडते. एसटीचे ड्रायव्हर उतारावर कसे गियरमध्ये उतरतात ते मागून बघत गेलं की बरंच शिकायला मिळतं. आणि घाट उतरेपर्यंत पाण्याची टाकी मी भरतच नाही. ऐंशी लिटर पाणी म्हणजे ऐंशी किलो, ते कशाला उगाच डोंगरावरून वाहायचं, चिपळूणला पोचलं की भरायचं. परत येताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा जो लांबच लांब उतार आहे तिथे मी सगळ्यात सावध असते. दिवसभराचा थकवा, घर जवळ आल्याची घाई आणि तो उतार, या तिन्ही गोष्टी एकदम येतात. तिथे किती अपघात झालेत हे रोजच्या पेपरात वाचतोच आपण.

फेरीबोटीची गोष्ट सांगायलाच हवी. दापोलीहून गुहागरला जायचं तर दाभोळला गाडी बोटीवर चढवून पलीकडे धोपाव्याला उतरायचं, खाडीला वळसा घालायचं वाचतं. आमच्या गाडीचं मागचं चाक आणि मागचा बंपर यात बरंच अंतर आहे, म्हणजे मागचा भाग चाकाच्या मागे लोंबतो, आणि सांडपाण्याची टाकी नेमकी त्याच्याखाली. ओहोटी असली की पाणी खाली जातं, बोट खाली बसते, धक्क्यावरून बोटीवर जायच्या फळीचा कोन वाढतो, आणि पुढची चाकं वर चढली की मागचं टोक जमिनीला टेकायला बघतं. धक्क्यावरच्या माणसाने गाडी बघितली, वाकून खाली बघितलं आणि म्हणाला, ताई, आत्ता नको, जरा भरती येऊ दे, नंतरच्या फेरीने जा. आम्ही थांबलो. चटई टाकली, आईला बाहेर खुर्ची दिली, मासळीच्या टोपल्या घेऊन उतरणाऱ्या बायकांशी तिच्या गप्पा सुरू झाल्या. भरती आल्यावर त्याच माणसाने हाताने खुणा करत, तिरपी घे, अजून तिरपी, असं करत गाडी अलगद वर घेतली. तेव्हापासून कोकणात बोटीने जायचं असलं की मी भरती-ओहोटीची वेळ आधी बघते. कारवाल्याला याची काही फिकीर नसते.

उन्हाळा हा या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, आणि इथे मी कुणाला खोटी आशा दाखवणार नाही. पत्र्याची गाडी आहे. भिंतीत आणि छपरात नायट्राइल रबरचं इन्सुलेशन भरलंय, खिडक्यांना चकाकणारे पडदे आहेत, तरी एप्रिलमध्ये पुण्यात उन्हात उभी केली तर दुपारी आत बसवत नाही. मग एसी लावा की, असं सगळे म्हणतात. हिशोब बघा. आमची लिथियम फॉस्फेटची बॅटरी बारा व्होल्ट दोनशे अँपिअर-अवरची, म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. एक टनाचा एसी तासाला जवळपास एक युनिट खातो. म्हणजे अडीच तास, आणि त्यात फ्रीज, दिवे, फॅन काही नाही. छपरावर चारशे वॅटचं सोलर आहे, कडक उन्हाच्या दिवशी ते दीड युनिटच्या आसपास देतं, त्यातलं अर्धं युनिट फ्रीजलाच लागतं. त्यामुळे रात्रभर एसी हवा असेल तर बाहेरून वायर जोडायची सोय असलेल्या ठिकाणीच मुक्काम करावा लागतो, आणि तसं ठिकाण म्हणजे बहुतेक वेळा लॉजच, मग लॉजमध्येच का झोपू नये. आम्ही एसी लावलाच नाही. त्याऐवजी ऋतू बघून जातो. महाबळेश्वर पुण्यापेक्षा आठशे मीटर उंच आहे, हजार मीटरला साडेसहा अंश या हिशोबाने तिथे पाचेक अंश गार मिळतं, मे महिन्यात ते पाच अंश फार असतात, रात्री छपराचा फॅन उलटा लावला की पांघरूण लागतं. कोकण मात्र ऑक्टोबरची हीट सरल्यावर ते फेब्रुवारी. मे महिन्यात कोकणात या गाडीत झोपायच्या भानगडीत म्हाताऱ्या माणसाला घेऊन पडू नये. हवा दमट असते, घाम वाळत नाही, फॅन नुसती गरम हवा फिरवतो. तेव्हा सरळ ओळखीच्या घरी ओटीवर झोपावं आणि गाडी टॉयलेटसाठी अंगणात ठेवावी. आम्ही तसंच करतो.

स्वयंपाकाचंही तसंच. इंडक्शनचं सगळ्यांना आकर्षण असतं पण अठराशे वॅटची शेगडी बारा व्होल्टच्या बॅटरीतून दीडशे अँपिअरच्या वर करंट ओढते, आणि ज्या वर्कशॉपवाल्याकडून व्हॅनचं आतलं सगळं करून घेतलं त्याने जी वायर घातली होती ती त्या मानाने बारीक. सोसायटीतले टेल्कोतून रिटायर झालेले एक काका मीटर घेऊन आले, वायरला हात लावला आणि म्हणाले, ही आज काढायची. सगळी जाड तांब्याची वायर नव्याने घातली, बॅटरीजवळ फ्यूज टाकला. वर्कशॉपवाल्याला फोन केला तर त्याचं म्हणणं, सगळ्या गाड्यांना हीच वायर जाते, कुणाची तक्रार नाही. याचा मला आजही राग आहे. घरासारखी वस्तू बांधून देणाऱ्याने असं बोलू नये. आता आम्ही पाच किलोचा छोटा सिलेंडर ठेवतो, एक बर्नर, आणि सिलेंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, म्हणून भोक तळालाच हवं, वर असून उपयोग नाही. फोडणी शक्यतो बाहेर ताडपत्रीखाली, नाहीतर मोहरी आणि हिंगाचा वास गादीत आठवडाभर राहतो.

पावसाचं तर विचारूच नका. छपराला फॅनसाठी चौदा इंचाचं चौकोनी भोक पाडतात. त्याच्या कडेला नुसतं सिलिकॉन मारलेलं होतं, ते रंगावरून सुटलं. ताम्हिणीत जुलैमध्ये पाऊस कसा पडतो माहितीच आहे, आडवा, उभा, सगळीकडून. रात्री आईच्या उशीपाशी टप टप सुरू झालं. पातेलं ठेवलं, उशीची बाजू बदलली, सकाळपर्यंत पातेलं अर्धं. पुण्यात आल्यावर फॅन उतरवून खाली ब्यूटाइल टेप आणि कडेने पीयू सीलंट लावून घेतलं, ते टिकलंय. पण पावसाळ्यात आतली ओल हा प्रश्न राहतोच. तीन माणसांचा श्वास, कुकरची वाफ, ओले टॉवेल, सगळं पाणी रात्री गार पत्र्यावर बसतं. खिडकीची एक फट आणि फॅन मंद चालू, हा त्यावरचा एकच उपाय, आणि परत आल्यावर गाद्या उभ्या करून वाळवायच्या. सोलरही ढगात मान टाकतं. चालत्या इंजिनवरून बॅटरी चार्ज व्हायचा जो डबा असतो, डीसी-डीसी चार्जर, त्यावर पावसाळ्यात सगळी भिस्त.

पण खरं सांगू, घाटापेक्षा आणि पावसापेक्षा जास्त मनस्ताप मला पुण्यातच होतो. आम्ही कोथरूडला राहतो. फॅन आणि सोलर धरून गाडी नऊ फुटांच्या वर जाते, त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरतच नाही, आणि बाहेर रस्त्यावर रोज लावली तर शेजाऱ्यांनी तक्रार करणं साहजिक आहे, त्यांचंही बरोबर आहे. म्हणून धायरीला एका नातेवाइकांच्या प्लॉटवर ठेवतो. तिथे उंदीर. सीटखालच्या वायरी दोनदा कुरतडल्या, आता कप्प्यांना जाळी मारलीय आणि दर आठवड्याला कुणीतरी जाऊन इंजिन सुरू करून येतं. आमच्या गल्लीत सामान चढवायला गाडी आणायची तर वरच्या इंटरनेटच्या वायरींचं एक भेंडोळं नेमकं फॅनच्या उंचीला लोंबतं, नवरा खाली उतरून बांबूने ते वर धरतो आणि मी हळूहळू खालून गाडी काढते. केबलवाल्यांना सांगून झालं, ते येतात, बांधतात, महिन्याभरात पुन्हा खाली.

कागदपत्रांचंही बघून घ्यायला हवं. पत्र्याची मालवाहू व्हॅन घ्यायची आणि आत हवं ते ठोकून घ्यायचं, असं कितीतरी जण करतात. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा आरसीवरचे तपशील वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहायच्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ म्हणून वेगळा मानक आहे, आणि गाड्या तपासणारी एआरएआय तर आपल्याच वेताळ टेकडीवर आहे, आपण सकाळी तिच्या कुंपणाशेजारून फिरायला जातो. म्हणून वर्कशॉपवाला काहीही म्हणो, मान्यता असलेल्या डिझाइनचे कागद आधी मागायचे, आरसीवर नोंद होणार का ते लेखी घ्यायचं, आणि इन्शुरन्सवाल्यालाही कळवायचं. अपघात झाल्यावर क्लेम अडकला तर म्हाताऱ्या माणसाला घेऊन कुठे धावणार.

मुक्कामाच्या जागा हा प्रश्न आपल्याकडे अजून सुटलेला नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, चांगली गोष्ट आहे, पण वीज-पाणी-मैला टाकायची सोय असलेला तळ वाटेवर सहज सापडेल अशी परिस्थिती मला तरी दिसलेली नाही. आम्ही विचारून थांबतो. देवळाचं आवार असेल तर पुजाऱ्यांना, गावात असेल तर पोलीस पाटलांना किंवा समोरच्या घरी. हायवेला मोठा पेट्रोलपंप. समुद्राच्या वाळूवर गाडी घालायची नाही, रुततेच, आणि किनाऱ्यावरच्या लोकांना त्याचा त्रास होतो. पांढरी, उंच गाडी बघून गावात पहिल्यांदा लोकांना अँब्युलन्स वाटते, दोन-तीन जण धावत येतात, कोण आजारी आहे म्हणून. आई खाली उतरून सांगते, कोणी नाही हो, देवाला आलोय.

वेळणेश्वरजवळ एका वाडीत अशाच एका घराच्या खळ्यात आम्ही राहिलो होतो. घरातल्या आजी आईच्याच वयाच्या. सकाळी आल्या, दार धरून हळूहळू पायरी चढल्या, एकेक कप्पा उघडून बघितला. डाळ कुठे, तांदूळ कुठे, भांडी वाजत नाहीत का, म्हणून विचारलं. मी ताटांच्या मधे घातलेली जुन्या साडीची फडकी दाखवली. मग त्या संडासाच्या दाराशी थांबल्या. आईने त्यांना आत नेलं, दांडा धरून बसून, उठून दाखवलं. आजी आत गेल्या, स्वतः बसल्या, दांडा धरला, उठल्या, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, माझी लेक डोंबिवलीला असते, तिच्याकडे जाऊन चार वर्षं झाली, एसटीत तेवढा वेळ निभत नाही मला. मग आई आणि त्या दोघी बेडच्या कडेवर बसून बराच वेळ बोलत होत्या, गोळ्यांबद्दल, गुडघ्यांबद्दल, जाणं कसं सुटत गेलं त्याबद्दल. मी बाहेर भांडी घासत होते, मला सगळं ऐकू येत होतं. निघताना त्यांनी कोकमं बांधून दिली आणि आईने त्यांना पुण्याचा पत्ता लिहून दिला.

पैशाचा हिशोब मांडला तर ही गाडी परवडत नाही. तेवढ्या पैशात कितीतरी वर्षं चांगल्या हॉटेलात राहून, ड्रायव्हर ठेवून फिरता येईल, आणि वर्षातले बहुतेक दिवस गाडी धायरीला उभीच असते, टायर, बॅटरी, इन्शुरन्स खर्च चालूच. माझा भाऊ दर दिवाळीला विका म्हणतो, आणि त्याचं गणित चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. स्वस्तात फिरायचं म्हणून कुणी घेणार असेल तर मी नको म्हणते. तरुण, दोघंच, पाठीवर सॅक टाकून कुठेही झोपू शकणारी माणसं असाल तर तुम्हाला हिची गरजच नाही, आधी भाड्याने घेऊन बघा, आता पुण्या-मुंबईत भाड्यानेही मिळतात. पण घरात असं कुणी असेल ज्याचं जाणं-येणं पाण्यावाचून, टॉयलेटवाचून, पाठ टेकायला मिळत नाही म्हणून बंद पडलंय, तर मात्र विचार करा, आणि गंभीरपणे करा. आई आता दर वर्षी गुहागरला येते, मधल्या मधे वाईला येते, मागच्या हिवाळ्यात बहिणीकडे कोल्हापूरला जाऊन राहिली.

गाडी बघायला जाल तेव्हा एकटे जाऊ नका, नवरा-बायको दोघंच तर नकोच. ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांना बरोबर न्या. पायरी चढायला लावा, पहिली पायरी जमिनीपासून फूटभरापेक्षा उंच असेल तर खाली अजून एक सरकती पायरी मागा. बेडवर आडवं होऊ दे, कूस बदलून उठू दे. मग टॉयलेटमध्ये आत जाऊन, दार लावून, बसून उठू दे, आणि त्या बाहेर आल्या की वर्कशॉपवाल्याआधी त्यांचं ऐका. ओटा किती इंचांचा हवा, दांडा कुठल्या हाताला हवा, ते तिथेच टेपने मोजून कागदावर लिहा आणि वर्कशॉपवाल्याची सही घेऊनच अॅडव्हान्स द्या.